फुकटची हाक

नको ओ, घोंगडं कशाला पसरताय, मी बसते की बांधावर अशीच — आणि ती कातर खाली ठेवू नका, आबा, अर्धं मेंढरू कातरून अर्धं तसंच ठेवलंत तर म्हणाल, बाई आली आणि खोळंबा झाला. कातरा तुम्ही. समोरचा काम करत असला तरी मला बोलायला चालतं, एकोणीस वर्षं मास्तरकी करून दुसरं काय केलं मी. चहा झाला माझा, तुमच्या कारभारणीनं, अंबूबाईंनी दिला, शेळीच्या दुधाचा, चांगला दोन कप प्याले. पहाटेच्या गाडीनं निघाले वस्तीवरनं, मायणीला बदलली, वडूजला बदलली, औंधच्या स्टँडवर उतरून विचारत सुटले की आटपाडीकडच्या अर्जुनाआबांची मेंढरं कुणाच्या रानात बसलीत. एक म्हणाला नानासोंच्या रानात, यमाईच्या डोंगराखाली. दुसरा म्हणाला, ते कालच हलले. हलला असतात तर कुठं शोधायचं तुम्हाला — तुमच्याकडं फोन आहे तो तुमच्या गड्याच्या, केरबाच्या खिशात, आणि केरबा काय माझा फोन उचलत नाही. आणि हो, तुमची नात बघितली मी. तिनंही बघितलं मला. एरवी बाई दिसली की पार ओढ्यापलीकडनं 'नमस्ते बाई' म्हणून ओरडायची, आज त्या बाभळीमागं जाऊन पाठ करून बसली. असू दे. मी काही तिला उठवायला जात नाही.

तसं काही विशेष नाही, आबा. पुस्तकं द्यायला आले. दुसऱ्या सत्राची तिची पुस्तकं, दोन वह्या, रंगाची पेटी — वस्तीवर घर कुलूपबंद, कुणाकडं देऊ? दरवर्षी दसरा झाला की तुम्ही मेंढरं घेऊन खाली उतरता, पण अंबूबाई मागं राहतात, पोरीची शाळा बुडू नये म्हणून. बिरदेव आणि सूनबाई तिकडं परमुलखात गलाईच्या दुकानात सोनं गाळत बसलेत, पोर तुमच्या पदरात, आणि तुम्ही दोघांनी तिला तिसरीपर्यंत आणली, एक दिवस गैरहजर नाही. मी सगळ्यांना सांगायची, बघा, जन्मात शाळेचं तोंड बघितलं नाही त्या माणसांनी, पण पोरीला एक दिवस घरी ठेवलं नाही. आणि अवंदा कडी-कुलूप लावून सगळेच निघालात. दिवाळीची सुट्टी संपवून मी शाळेत आले, हजेरी घेतली, 'स्वप्नाली अर्जुना' — तुमचंच नाव येतं माझ्या तोंडात, बापाचं नाही — तर उत्तर नाही. पोरं म्हणाली, बाई, ती बोलतच नाही आता. कुणाशीच. मघाशी अंबूबाई पण तेच म्हणाल्या, सव्वा महिना झाला, भूक लागली तर ताटाजवळ येऊन बसते, पण शब्द नाही. मला वाटलं होतं रुसली असेल. लहान पोर आहे, रुसतं, चार दिवसांनी बोलतं. सव्वा महिना म्हणजे रुसवा नव्हे ओ.

तुम्हाला आमच्या वर्गातलं काय माहीत असणार. एक खोली, चार इयत्ता, एकोणीस पोरं, एक बाई. दुसरे गुरुजी होते ते दोन वर्षांपूर्वी बदलून गेले, ती जागा तशीच. पहिलीला अ आ, तेव्हा चौथीला भागाकार, तेव्हा दुसरीतला एकजण बेंचखाली सरडा घेऊन बसलेला. माझे वडील माधवनगरला गिरणीत होते. मागाच्या खडखडाटात दिवसभर उभे, घरी आले तरी ओरडूनच बोलायचे, मीठ मागायचं तरी सगळ्या आळीला कळायचं. आम्ही सगळी भावंडं तशीच. मला वाटायचं, आवाज वाढवला की माणसं ऐकतात. तशीच शिकवायला लागले मी. आणि पोरं ऐकायची ओ, पहिली काही वर्षं ऐकायची. 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं की सगळा वर्ग चिडीचूप. आता म्हणून बघा. बोट तोंडावर ठेवतात आणि बोटाच्या मागं बोलत राहतात. टाळ्या वाजवून बघितल्या, गाणी म्हटली, बाहुल्या केल्या मोज्यांच्या, तालुक्याला प्रशिक्षणात सांगितलं म्हणून मोबाईलवर हलती चित्रं दाखवली — चार मिनिटं. घड्याळ लावून बघितलंय मी, कुठलीही गोष्ट असू दे, चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला डोळे खिडकीबाहेर, पवनचक्कीच्या पात्यांवर. ती पाती फिरतात आणि पोरं बघतात, बास. मी वेड्यासारखी ओरडते आणि ती पाती काही न बोलता माझ्या वर्गावर राज्य करतात. गेल्या वर्षी माझा घसा बसला तो बसलाच. सांगलीला डॉक्टरला दाखवलं, नळी घालून बघितलं, म्हणाले, बाई, आवाजाच्या पट्ट्यांवर गाठी आल्यात, ओरडणं बंद करा, नाहीतर बोलणंच बंद होईल. मी हसले. म्हटलं, डॉक्टर, मी झेडपीच्या शाळेत आहे.

रडले पण. ते सांगत नव्हते कुणाला, तुम्हाला सांगते. शाळा सुटल्यावर फळा पुसायचा आणि रिकाम्या खोलीत बसून रडायचं, असं जून महिनाभर चाललं होतं. चौथीतल्या पोराला स्वतःचं नाव जोडाक्षरासकट लिहिता येत नाही, आणि मी त्याला ओरडून सांगतेय ते त्याच्या कानाच्या बाहेरनं जातंय. पोरं वाईट नाहीत. माझ्याकडं बघत नाहीत एवढंच. माणूस बोलत राहतं आणि समोरचा बघत नाही — तुम्ही पण नाही बघत आता, पण तुमचं निराळं, तुमच्या हातात काम आहे.

तर त्या जुलैत — तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं बघा मिरजेला, त्याच दिवसांत. तुम्ही डोळ्याला हिरवं फडकं लावून घरात, दीड महिना धूळ नको, ऊन नको, आणि मेंढरांमागं केरबा. केरबाच्या दोन्ही कानांत ती फोनची बोंडकं घातलेली, त्याला मेंढरं कळतात ना माणसं. एक दिवस तुमची पन्नासेक मेंढरं शाळेच्या आवारात घुसली. आम्ही भोपळ्याचे वेल लावले होते, परसबाग म्हणून, ते सगळं खायला सुरुवात. पोरं खिडक्यांवर चढली, आरडाओरडा, मी घसा फाडतेय, कुणाला ऐकू जात नाही. आणि तुमची स्वप्नाली उठली. मला विचारलं नाही काही नाही, दारात गेली, तोंडाला हात लावला, आणि ती हाक दिली. तुमची ती हाक. मी लिहून बघितली ओ फळ्यावर, लिहिता येत नाही, आधी जिभेचं काहीतरी, मग ते लांब 'हुर्रर', मग एकदम तुटते. मी घरी आरशासमोर करून बघितली तर नुसती थुंकी उडाली. पण तिनं दिली आणि सगळ्या मेंढरांनी तोंडातला पाला तोंडात ठेवून माना वर केल्या. सगळ्यांनी. आणि आबा, मी मागं वळून बघितलं तर माझ्या वर्गानं पण. अठरा पोरं जागच्या जागी. कुणी धनगराचं, कुणी दुसऱ्याचं, सगळी त्या माळावर वाढलेली, लहानपणापासनं कानात ती हाक. ती आली की थांबायचं, बघायचं, हे त्यांच्या अंगातच आहे. इतकं शांत झालं की मला पवनचक्कीचा आवाज ऐकू आला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले, म्हटलं, बसा बाळांनो, आणि ती बसली. वीस मिनिटं शिकवलं मी त्या दिवशी. हातच्याची वजाबाकी. वीस मिनिटं, घड्याळ लावून.

मग काय. दुसऱ्या दिवशी गोंगाट झाला, मी म्हटलं, स्वप्नाली, दे गं हाक. तिनं दिली. तिसऱ्या दिवशी पण. पहिल्यांदा दिवसातनं एकदा, मग दोनदा, मग प्रत्येक तासाला. श्रावण महिनाभर असं. आणि तुम्हाला खोटं वाटेल, ते जोडाक्षराचं पोर वाचायला लागलं ओ. बोट ठेवून, पण वाचायला लागलं. मी घरी जाऊन नवऱ्याला हळू आवाजात सांगितलं, तो म्हणाला, तुला काय झालं, तू ओरडत का नाहीस. इतकी सुखात होते मी. कुणाचं वाईट करतेय असं मनातही नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पोरीचा पण केवढा मान, सगळा वर्ग तिच्या तोंडाकडं बघायचा.

तिनं सांगितलं होतं मला. हे आता सांगायचं नव्हतं, पण सांगते. ऑगस्टच्या शेवटाला असेल, मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली, पदराला हात लावला आणि म्हणाली, "बाई, फुकट हाक देऊ नये. आबा म्हणत्यात." मी म्हटलं, फुकट कशी गं, मी शिकवतेय की. तर म्हणाली, "पर माळावर मेंढरं ऐकत्यात. ती बघत्यात आन् पानी नसतंय." मला कळलं नाही असं नाही. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच माळ, केरबा रोज तिथंच मेंढरं सोडून झाडाखाली पडलेला. हाक म्हणजे पाणी आलं, नाहीतर धोका आला, नाहीतर घरी चला — तुम्ही तिला शिकवलेलं होतं, या तिन्हीतलं एकही नसेल तर तोंड उघडायचं नाही. आठ वर्षांची पोर मला ते तुमच्याच शब्दांत सांगत होती. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, मेंढरांचं मेंढरांपाशी, तू आधी आपला वर्ग बघ. वर तिला मॉनिटर केलं. छातीवर बिल्ला लावला लाल रिबिनीचा. मग ती काय बोलणार?

पाणी आहे का हो थोडं? राहू दे, माझ्याच पिशवीत बाटली आहे. घसा असा मधेच धरतो. — तर, मी सगळं सरळ सांगितलं नाही तुम्हाला. नुसती पुस्तकं द्यायला कोण तीन गाड्या करून येतं. गुरुवारी सांगलीला कार्यक्रम आहे. आमच्या उपक्रमाला बक्षीस लागलंय, जिल्ह्यातनं निवडला. 'लक्षवेध' नाव दिलंय मी त्याला, नाव चांगलं आहे ना? वर्गाचं लक्ष कसं मिळवायचं आणि कसं टिकवायचं, त्याचा उपक्रम. फोन आला, म्हणाले, पद्माताई, ती हाक देणारी मुलगी घेऊन या, स्टेजवर प्रात्यक्षिक दाखवू. मी हो म्हणून बसले. म्हणजे न्यायलाच आले होते मी तिला, आबा. सकाळी गाडीत बसले तेव्हा तेच मनात होतं, की अंबूबाईंना सांगू, दोन दिवसांचा प्रश्न आहे, नवीन फ्रॉक घेऊ, परत आणून सोडू. न बोलणाऱ्या पोरीला मी स्टेजवर उभी करणार होते. बघू नका असं माझ्याकडं. नाही, बघा. बघा तुम्ही.

कारण अजून आहे. त्या उपक्रमाचा व्हिडिओ काढायचा होता. शौनक सर म्हणून आहेत शेजारच्या शाळेवर, नवीन पोरगा, त्याला ते सगळं येतं. दसऱ्याच्या आधी दोन दिवस तो कॅमेरा घेऊन आला. पोरांना तेल लावून, भांग पाडून बसवलं. आधी गोंगाट करायचा, मग स्वप्नालीनं हाक द्यायची, मग सगळे शांत. पहिल्यांदा दिली, झालं चांगलं, पण शौनक म्हणाला, मागनं मोटरसायकल गेली, परत. दुसऱ्यांदा एक पोर हसलं. तिसऱ्यांदा उजेड कमी. मी मोजत होते, आबा, अकरा वेळा. अकराव्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी तिला म्हटलं, एवढं शेवटचं, बाळ, हसून दे. आणि मी खिडकीजवळ उभी होते. माळ दिसत होता मला तिथनं, केरबा नेहमीसारखा झाडाखाली पडलेला. पहिल्या हाकेला सगळी मेंढरं शाळेच्या भिंतीपर्यंत पळत आली. भिंतीला नाकं लावून उभी राहिली, पाणी मिळेल म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्याला तिथनंच माना वर करून बघत राहिली. पाचव्या-सहाव्याला थोडी बघत होती, थोडी चरायला लागली. आणि अकराव्या हाकेला एकाही मेंढरानं मान वर केली नाही. एकानं पण नाही. मी बघितलं ते. माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि मनात काय आलं माहिती आहे? बरं झालं, आता मधे बें-बें करणार नाहीत, व्हिडिओ स्वच्छ येईल. हे आलं माझ्या मनात. नवऱ्याला पण सांगितलेलं नाही मी हे.

त्याच्या पुढच्याच रविवारी ते फाट्यावरचं. केरबा आटपाडीला गेला, तुम्ही बाजाराला, पोरगी एकटी मेंढरांमागं, आणि मेंढरं रस्त्यावर आली, टेंपो आला. सात मेली. मला सोमवारी शाळेत कळलं. सगळे म्हणत होते, पोर खेळत बसली असणार, हाक दिली असती तर वळली नसती का? केरबानं पण तेच सांगितलं तुम्हाला, तो तिथं नसताना. आणि तुम्हाला ते पटलं, कारण तुमच्या हाकेला ती अजून वळतात, काल पण वळली, आज पण वळली. पटणारच. अंबूबाई मघाशी चुलीपुढं सांगत होत्या, तुम्ही तिला एक थप्पड मारली त्या रात्री. जन्मात पहिली. आणि तेव्हापासनं पोरगी बोलत नाही, आणि तुम्ही पण धड जेवत नाही.

आबा, तिनं हाक दिली होती.

दिली होती ओ. फाट्यावर सुलाबाईंची चहाची टपरी आहे, त्यांनी बघितलं सगळं. त्या मला म्हणाल्या, पोरगी घसा फुटेस्तोवर हाका मारत होती, एकीमागनं एक, तोंडाला दोन्ही हात लावून, रस्त्याच्या मधे येऊन, आणि एक मेंढरू वळेना. टेंपोवाल्यानं पण तेच सांगितलं म्हणे, मुलगी ओरडताना दिसली म्हणून तर त्यानं ब्रेक मारला, नाहीतर आणखी गेली असती. तिच्या आवाजाला वळायचं सोडून दिलं होतं त्यांनी. कुणी सोडायला लावलं? दोन महिने, दिवसातनं पाच-सहा वेळा, आणि वर ते अकरा. पोरीची हाक मी संपवली. वापरून वापरून संपवली, खडूसारखी, आणि शेवटचा तुकडा त्या कॅमेऱ्यापुढं. तुम्ही तिला विचारलंत, हाक का नाही दिलीस, तेव्हा ती काय सांगणार? दिली आणि कुणी ऐकलं नाही, हे आठ वर्षांच्या पोरीनं कुठल्या शब्दांत सांगायचं? मला चव्वेचाळिसाव्या वर्षी सांगता येत नाही.

कातर थांबली तुमची. मारा मला. शिव्या द्या, काहीतरी बोला ओ, असं नुसतं बघू नका. — आता विचाराल, सुलाबाईंनी तुम्हाला का नाही सांगितलं. त्या निघाल्या होत्या सांगायला. मी थांबवलं. मी म्हटलं, जाऊ द्या सुलाबाई, झालं ते झालं, आता कशाला वाढवायचं, म्हाताऱ्याला आणखी त्रास. म्हाताऱ्याला त्रास. मला भीती वाटली की हाक का ऐकली नाही असं कुणी विचारत विचारत शाळेपर्यंत येईल. व्हिडिओ गेला होता तालुक्याला. त्या बक्षिसासाठी मी तुम्हाला त्या थपडेसकट सव्वा महिना झोपू दिलं. झोपला नसाल म्हणा.

आणि वर्गाचं सांगू? वर्ग आता एकदम शांत असतो. दिवाळीनंतर मी पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर कुणी बोललं नाही. अठरा पोरं हाताची घडी घालून बसलेली, मी सांगितलं नव्हतं. सगळी माझ्याकडं बघतात. चार मिनिटं नाही, दिवसभर. बाहेर पाती फिरतात तर एकाची मान वळत नाही. मी एकोणीस वर्षं जे मागत होते ते सगळं एकदम मिळालं, आणि मी खडू घेऊन उभी राहते आणि मला एक शब्द सुचत नाही. ती वाट बघतात मी काय म्हणते त्याची. त्यांना माहीत आहे ओ. पोरांना सगळं माहीत असतं. ते जोडाक्षराचं पोर परवा उभं राहिलं आणि म्हणालं, बाई, आमी आता ऐकतो, तिला आणा की. त्यावर मी घरी निघून आले, डोकं दुखतंय म्हणून. घसा नाही, डोकं म्हणाले. मला वाटतं मला परत शिकवता येणार नाही. ती आली नाही तर नाहीच येणार. आणि ती सांगलीला यायची नाही, ते मी आत्ता बोलता बोलता ठरवलं, गुरुवारी मी पण जाणार नाही, त्यांना काय सांगायचं ते सांगेन, हेच सांगेन. पण शाळेत तरी —

अगं बाई. ही कधी आली इथं? आबा, ती मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीला धरून उभी आहे, तुमच्या मागं. बाभळीमागं होती ना. कधीपासनं ऐकतेय? सुलाबाईंचं ऐकलं का तिनं? — बाळ, ये ना गं इकडं, मी काही — नाही, नाही म्हणत. उभी राहा तू तिथंच.

आबा, ती मेंढरं बघा कुठं निघाली. ती पुढची, कातरलेली, बांध चढतेय. तिच्यामागं सगळी लागली. बांधाच्या पलीकडं हरभरा आहे कुणाचातरी, आणि हरभऱ्यापलीकडं रस्ता, मी तिथनंच आले, उसाचे ट्रॅक्टर चाललेत सकाळपासनं. उठा की ओ. हाक द्या ना. तुमच्या हाकेला वळतात ती. आणि कुत्र्याला का धरून ठेवलंय गळ्याला, सोडा त्याला, सोडा. पाच-सहा पलीकडं उतरली पण. आबा, बसून काय राहिलात, तुम्हाला दिसत नाही का, डोळ्याचं तर — तुम्ही तिकडं बघतच नाही. तुम्ही पोरीकडं बघताय.

नका ओ. असं नका करू. तिनं हाक दिली आणि मेंढरं वळली नाहीत तर? परत नाही वळली तर काय होईल तिचं, माझं जाऊ द्या, तिचं? सव्वा महिना झाला म्हणा. मेंढरं विसरतात का? मला काय माहीत, मी माधवनगरची, मला मेंढरांतलं काय कळतंय — आबा, तिनं हात तोंडाजवळ नेला. वळतील का ओ ती?

काय, आबा? मला? तोंडावर बोट, मला?

बरं. बसते. ही घातली हाताची घडी, बघा. नाही बोलत आता, एक शब्द नाही बो—